समाजवादी समाजात कबड्डी असेल का? खेळ, चुरस आणि हरणाऱ्याची भाकरी

निळी_शाई

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट फ्रीस्टाइल कुस्तीत सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला मिळालं, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवला आणि कांस्य आपल्या खाशाबा जाधवांना. सोव्हिएत संघाचं ते पहिलंच ऑलिम्पिक. ममादबेयोवच्या मागे एक अख्खं सरकार उभं होतं. खाशाबांच्या मागे होती गोळेश्वर-कराडकडच्या लोकांची वर्गणी, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून उभे केलेले ७,००० रुपये. मॅटवर मात्र दोघांना नियम एकच.

हे आठवायचं कारण असं. आमच्या अभ्यासमंडळात गेल्या महिन्यात एक तरुण मित्र ठामपणे म्हणाला, "स्पर्धा ही भांडवलशाहीची शिकवण. समाजवादी समाजात व्यायाम असेल, नाच असेल, पण कुणी जिंकायचं आणि कुणी हरायचं असे खेळ राहणार नाहीत." मला ते पटलं नाही. पण त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

हा वाद शंभर वर्षांपूर्वी खुद्द मॉस्कोत झालेला आहे. क्रांतीनंतर तिथे 'हायजिनिस्ट' म्हणून ओळखला जाणारा एक गट होता, त्यात डॉक्टरमंडळी बरीच. माणसं सुदृढ व्हावीत हा त्यांचा ध्यास. पण मुष्टियुद्ध, वजन उचलणं, फुटबॉल यांनी शरीराची हानी होते आणि मनात ईर्ष्या वाढते, असं त्यांना वाटे. दुसरा गट प्रोलेतकुल्तचा, म्हणजे कामगारांची नवी संस्कृती घडवू पाहणाऱ्या चळवळीचा. त्यांच्या मते हे खेळ जुन्या मालकवर्गाच्या जगातून आलेले, तेव्हा नव्या समाजाला नवे खेळ हवेत. त्यांनी ते रचलेही. 'साम्राज्यवाद्यांच्या तावडीतून सुटका', 'क्रांतिकारी साहित्य चोरून सीमेपलीकडे नेणे' अशी त्यांची नावं होती. पोटतिडकीने विचार करणारी माणसं होती ती, त्यांना हसावं असं मला वाटत नाही. पण लोक फुटबॉलच खेळत राहिले. १९२५ मध्ये पक्षाने शारीरिक संस्कृतीवर ठराव केला आणि त्यात स्पर्धांना जागा मिळाली, १९२८ मध्ये मॉस्कोत स्पार्टाकियाड नावाचा मोठा क्रीडामहोत्सव भरला, आणि १९३६ पासून फुटबॉलची देशव्यापी लीग सुरू झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की खेळातली चुरस आणि बाजारातली स्पर्धा या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो आणि तिथे घोळ होतो. आखाड्यात मला समोरचा पैलवान हवा असतो. तो आला नाही तर माझी कुस्तीच होत नाही. तो जितका तयारीचा, तितकी माझी कुस्ती रंगते. बाजारातल्या दुकानदाराला मात्र समोरचं दुकान बंद पडलेलं हवं असतं.

पण मग हरणाऱ्याचं काय, या प्रश्नाशी मी अडते. त्यावर तुम्हा सगळ्यांचं ऐकायचं आहे.

वाटाड्या

वाचतोय. चांगला विषय.

गिरणगाव_७९

शाईताई, हरणाऱ्याचा प्रश्न कबड्डीने फार पूर्वी घेतलाय. जुन्या लोकांना आठवत असेल, हुतुतूचे तीन प्रकार होते. गामिनीत एकदा बाद झालेला गडी बाहेरच, अख्खा संघ बाद होईपर्यंत त्याने बसून राहायचं. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. आजची कबड्डी यातूनच आलेली. आणि तिसरा प्रकार अमर. यात गडी बाद झाला तर गुण समोरच्याला जातो, पण गडी मैदान सोडत नाही. खेळत राहतो.

चढाई तिन्हींत तशीच, पकड तशीच, दमही तितकाच लागतो. फरक एवढाच की हरलेल्याला किती वेळ बाहेर बसवायचं. मला वाटतं समाजवादाचा प्रश्नही हाच आहे.

आता स्वतःचं सांगतो. वडील लालबागला गिरणीत. आमच्या मंडळाचे सामने रात्री दिव्याखाली व्हायचे, कारण पहिल्या पाळीची आणि दुसऱ्या पाळीची माणसं एकत्र येणार कधी? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी लहान होतो. पगार बंद, घरात भांडी विकायची वेळ, तरी त्या वर्षी मंडळाने स्पर्धा भरवली. चषक नव्हता. बक्षीस म्हणून धान्य गोळा केलं होतं, आणि जिंकणाऱ्या संघाने ते दोन्ही संघांत वाटून घेतलं. कुणी भाषण केलं नव्हतं. सामना मात्र असा झाला होता की माझ्या काकांचं मनगट मोडलं. कुणी कुणाला सोडलं नव्हतं.

मी पुढे एका बँकेच्या संघात लागलो, खेळाडू म्हणून. गुडघा गेला सव्विसाव्या वर्षी. नोकरी राहिली, म्हणून मी आज इथे लिहितोय. माझ्याहून सरस चढाई करणारा माझा मित्र त्याच वर्षी निवड चाचणीत एका गुणाने मागे पडला. त्याला नोकरी नाही मिळाली, पुढे काहीच नीट झालं नाही. तो एक गुण मला अजून टोचतो. खेळात मी जिंकलो ते बरोबरच होतं. पण त्या गुणावर त्याच्या पोरांचं शिक्षण लटकलेलं असावं, हे बरोबर नव्हतं.

सरळरेषा

गिरणगावदादा, तुमचा प्रतिसाद आतवर पोचला. तरी माझी शंका मांडतो, कारण धागा 'असेल का' असा आहे आणि इतिहासात 'होतं तेव्हा काय झालं' हे बघायला हवं.

सोव्हिएत संघात खेळ होता, भरपूर होता. पण तो माणसांच्या हाती होता का? दिनामो ही १९२३ मध्ये निघालेली पोलिसांची क्रीडासंस्था, सेनेचा संघ वेगळा, रेल्वेचा लोकोमोटिव्ह. स्पार्टाक हा फुटबॉल संघ उत्पादक सहकारी संस्थांच्या पाठबळावर उभा राहिलेला, स्तारोस्तिन बंधूंनी घडवलेला. दिनामोच्या पाठीशी गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया. १९३९ मध्ये स्पार्टाकने चषकाच्या उपांत्य सामन्यात दिनामो त्बिलिसीला हरवलं आणि अंतिम सामनाही जिंकला. त्यानंतर हुकूम आला की उपांत्य सामना पुन्हा खेळा. अंतिम सामना झाल्यावर उपांत्य! स्पार्टाक पुन्हा ३-२ ने जिंकला. १९४२ मध्ये निकोलाय स्तारोस्तिन भावांसकट पकडले गेले आणि त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली.

मालकाच्या जागी सरकार आलं की हरणाऱ्याची भाकरी सुरक्षित होते, हे गृहीतक मला मान्य नाही. इथे तर जिंकणाऱ्याचीही सुरक्षित नव्हती.

लाइपझिगकर

सरळरेषा यांच्याशी सहमत, आणि थोडं पुढचं.

मी अकरा वर्षं लाइपझिगमध्ये राहते. इथेच पूर्व जर्मनीचं ते नावाजलेलं क्रीडा महाविद्यालय होतं, १९५० मध्ये स्थापन झालेलं. जेमतेम पावणेदोन कोटी लोकांचा देश, आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ४० सुवर्णपदकं. अमेरिकेला ३४. महिलांच्या जलतरणातल्या १३ शर्यतींपैकी ११ पूर्व जर्मनीच्या मुलींनी जिंकल्या.

ते कसं झालं हे आता न्यायालयाच्या कागदांवर आहे. १९७४ पासून 'राज्य योजना विषय १४.२५' या नावाखाली उत्तेजकं देण्याचा सरकारी कार्यक्रम चालला. ओरल-टुरिनाबोल नावाच्या, पुरुषी संप्रेरकासारखं काम करणाऱ्या निळ्या गोळ्या. कोवळ्या वयाच्या मुलींना त्या जीवनसत्त्वं म्हणून दिल्या जात. १९८६ मध्ये गोळाफेकीत युरोपीय विजेत्या ठरलेल्या हाइडी क्रिगर आज आंद्रेआस क्रिगर या नावाने पुरुष म्हणून जगतात, आणि त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय की त्या गोळ्यांनी आपल्याला हा निर्णय स्वतःचा म्हणून घ्यायची संधीच ठेवली नाही. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवलं. शिक्षा निलंबित. २२ महिने आणि १८ महिने.

त्या मुलींना भाकरीची चिंता नव्हती, हे लक्षात घ्या. शाळा होती, वसतिगृह होतं, दूध-मांस होतं. नव्हता तो 'नको' म्हणायचा अधिकार. खेळ सोडायचा अधिकार नसेल तर तो खेळ उरत नाही, मग राज्य स्वतःला काहीही म्हणवून घेवो.

निळी_शाई

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं. मी भाकरीपाशी थांबले होते, ते अपुरं होतं हे कबूल.

पण सरळरेषा, एक विचारते. स्पार्टाकला पुन्हा खेळायला लावलं यात दोष चुरशीचा होता की चुरस मोडणाऱ्यांचा? उलट मला तर वाटतं, त्या मैदानावर एकच गोष्ट हुकूम मानत नव्हती. ती म्हणजे ३-२.

सरळरेषा

हे मान्य. चुरशीवर माझा आक्षेपच नाही. माझा प्रश्न आहे मैदान कुणाच्या ताब्यात, एवढाच.

वऱ्हाडी_सोंगटी

बुद्धिबळ राहिलंच की! मी नागपूरची, म्हणून विशेष.

२०२५ च्या जुलैत आमची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली, कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून. कुठे? जॉर्जियातल्या बातुमीत. त्या गावी तो विश्वचषक भरावा याला इतिहास आहे. नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ विश्वविजेती, तिच्यानंतर माया चिबुर्दानिद्झे १९९१ पर्यंत. दोघी जॉर्जियाच्या. एवढ्याशा प्रजासत्ताकाकडे जवळपास ३० वर्षं महिलांचं विश्वविजेतेपद! ग्रँडमास्टर हा किताब मिळालेली पहिली स्त्री म्हणजे नोना, १९७८ मध्ये.

सोव्हिएत सत्तेने बुद्धिबळ पटावरून उचलून कारखान्यांत, कामगार क्लबांत, मुलांच्या पायोनियर भवनांत नेलं. हे काम निकोलाय क्रिलेंकोने रेटलं. १९२५ मध्ये त्याने मॉस्कोत आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. कापाब्लांका, लास्कर असे नामांकित खेळाडू आले आणि बोगोल्युबोव पहिला आला. सरकारच्या पैशाने भरलेली अशी ही पहिलीच मोठी स्पर्धा मानतात. त्या क्रिलेंकोला १९३८ मध्ये त्याच सत्तेने गोळी घातली. त्याआधी न्यायखात्यात बसून त्यानेही अनेकांना मृत्यूकडे धाडलं होतं. सरळरेषा यांचा मुद्दा इथेही लागू पडतोच.

तरी मी दुसरी बाजू धरीन. लहान गावातल्या मुलीला पट मिळाला, शिकवणारं माणूस मिळालं, फी पडली नाही. इकडे वर्ग, प्रवास, परदेशी स्पर्धा यांत आईबाप किती खर्चात जातात ते मी जवळून बघते. एका मुलीचा हात बापाची नोकरी सुटल्यावर पटावरून सुटला. ती माझ्या भाचीला हरवायची. समाजवादात खेळ असेल का हे विचारताना, आज किती मुलींसाठी तो नाहीच, हेही विचारायला हवं ना?

दोन_मुलींची_आई

सोंगटीताई, अगदी. +१

अवांतर होईल, पण घरातल्या खेळांबद्दल लिहिते. आमच्याकडे सुट्टीत 'व्यापार' चालतो. धाकटी दिवाळखोर झाली की रडते आणि मग तासभर नुसती बघत बसते, दादांच्या गामिनीसारखी. हा खेळ ज्या मोनोपॉलीवरून आला, त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईने १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या खेळात आहे. जमिनीच्या भाड्यावर एकजण गब्बर होतो आणि बाकीचे कसे बुडतात हे लोकांना दिसावं म्हणून तिने तो रचला होता. पुढे तिने नियमांचा दुसरा संचही दिला, ज्यात भाडं सगळ्यांच्या सामाईक खात्यात जातं. जगभर पोचला तो पहिला संच.

हे वाचल्यापासून आम्ही घरी सामाईक खात्याचा नियम लावून बघितला. खेळ लवकर संपतो आणि थोडा मिळमिळीत होतो, हे खरं सांगायला हवं. मग थोरलीने सुचवलं की दिवाळखोर झालेल्याला बाहेर काढायचं नाही, त्याने बँक सांभाळायची आणि पुढच्या फेरीत परत यायचं. आता तो चालतो, आणि भांडणंही जोरात होतात.

प्रवासी_पक्षी

सगळी चर्चा सरकारी समाजवादाभोवती फिरतेय, म्हणून एक विसरलेली गोष्ट आणतो.

व्हिएन्नाच्या प्राटर भागातलं मोठं स्टेडियम कशासाठी बांधलं माहीत आहे? १९३१ च्या कामगार ऑलिम्पियाडसाठी. त्याआधीचं १९२५ मध्ये फ्रँकफुर्टला झालं होतं. तिथे देशांचे झेंडे, राष्ट्रगीतं नव्हती, लाल निशाण होतं. पहिलं महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती, आणि 'पुन्हा युद्ध नको' ही घोषणा होती. ज्या देशांची पोरं खंदकांत एकमेकांवर गोळ्या झाडत होती, ती तिथे एकत्र धावली. लक्षात घ्या, धावली. शर्यती होत्या, विजेते होते. सामूहिक कवायती आणि कुणीही भाग घ्यावा असे कार्यक्रम त्याच मैदानांवर तितक्याच मानाने होते, एवढाच फरक.

हे कुण्या राज्याचं काम नव्हतं. कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून चालवलेल्या संघटना होत्या. एकट्या जर्मनीतल्या कामगार क्रीडा संघटनेचे दहा लाखांहून जास्त सदस्य होते. तिथे सायकल मंडळं, पोहण्याची मंडळं, बुद्धिबळ मंडळं होती. १९३३ मध्ये नाझींनी ती मोडली, १९३४ मध्ये ऑस्ट्रियातलीही बंद झाली. बार्सिलोनाचं लोक-ऑलिम्पियाड १९ जुलै १९३६ ला सुरू व्हायचं होतं, नाझींच्या बर्लिन ऑलिम्पिकला उत्तर म्हणून. हजारो खेळाडूंनी नावं दिली होती. उद्घाटनाच्या तोंडावर लष्कराने बंड केलं, शहरात लढाई पेटली आणि स्पर्धा झालीच नाही. काही खेळाडू परत न जाता बंडाविरुद्ध लढणाऱ्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र पथकांत, भरती झाले.

सरळरेषा, 'मैदान कुणाच्या ताब्यात' याला एक उत्तर इथे होतं. आतून मोडलं नाही ते, बाहेरून मोडलं. अर्थात आतही भांडणं होती. समाजवादी आणि कम्युनिस्टांच्या वेगवेगळ्या क्रीडा संघटना, एकमेकांच्या स्पर्धांवर बहिष्कार. १९३७ च्या अँटवर्पला ते एकत्र आले तेव्हा फार उशीर झाला होता.

गिरणगाव_७९

पक्षीदादा, वाचताना अंगावर काटा आला. वर्गणीतून चालणारी मंडळं म्हणजे आमचं गिरणगावच की.

ताडमाड

क्यूबाचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो.

तिथे १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडासंस्था निघाली, पुढच्या वर्षी व्यावसायिक खेळ बंद झाला, १९६७ पासून सामने बघायला तिकीट नाही. मुष्टियोद्धा तेओफिलो स्टीव्हनसन १९७२, ७६ आणि ८० अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकला. मुहम्मद अलीशी लढण्यासाठी त्याच्यापुढे लाखो डॉलर ठेवले गेले, त्याने नाकारले. क्यूबाच्या लोकांच्या प्रेमापुढे तो पैसा त्याला मोठा वाटला नाही.

माझ्यासाठी तो थोर माणूस आहे. पण लाइपझिगकरताईंची कसोटी इथेही लावतो. त्याने 'नको' म्हटलं, त्याचं कौतुक झालं. ज्यांना 'हवं' म्हणायचं होतं त्यांना देश सोडून पळावं लागलं, आणि बेसबॉलमधले कितीतरी पळाले. २०१३ मध्ये सरकारने खेळाडूंना परदेशी लीगशी करार करायची परवानगी दिली. ५० वर्षं लागली. तरीही २०२४ मध्ये पॅरिसला मिहाईन लोपेसने कुस्तीत एकाच प्रकारात सलग पाचवं सुवर्ण घेतलं आणि निवृत्तीची खूण म्हणून बूट मॅटवर काढून ठेवले, ते बघून मी रडलो. एक कोटीभर लोकांचा देश, पण गरिबी केवढी!

सरळरेषा

ताडमाड, दोन्ही बाजू सरळ मांडल्यात, आभार.

माझं मत थोडं हललंय, ते नोंदवतो. मी 'पैसा नसेल तर उत्कृष्टता कशी येणार' हा प्रश्न मनात घेऊन आलो होतो. नोना, स्टीव्हनसन, लोपेस बघता तो प्रश्न टिकत नाही. पैशाविना माणसं शिखर गाठतात. दुसऱ्या टोकाला आज आपल्याकडे लिलाव आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. कबड्डीत २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. त्याला मिळाले याचा आनंदच आहे, त्याने घाम गाळलाय. पण माणसावर बोली लावताना आपण 'विकला गेला' हा शब्द किती सहज वापरतो! आणि 'न विकला गेलेला' म्हणून ज्यांची नावं त्या रात्री पडद्यावर येतात, त्यांच्या घरी काय होत असेल?

निळी_शाई

आमच्या त्या तरुण मित्राला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर असं: "ठीक, कुस्ती राहील. पण मग गुणफलक कशाला?"

मी त्याला खाशाबांचं सांगितलं. इशीशी लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना ममादबेयोवसमोर उभं केलं गेलं आणि ती कुस्ती ते हरले. त्यांच्या बाजूने पंचांशी भांडायला तिथे कुणी अधिकारी नव्हता. कांस्य घेऊन ते कराडला उतरले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. लोकांना गुणफलक ठाऊक होता. आपला माणूस तिसरा आला हे ठाऊक होतं. तरी बैलं जुंपली होती. गुणफलक पुसून टाकला असता तर त्या मिरवणुकीला अर्थ काय राहिला असता?

आणि त्याच खाशाबांना पुढे पोलीस खात्यात वर्षानुवर्षं बढतीविना राहावं लागलं. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गाव पाठीशी होतं, व्यवस्था नव्हती. ममादबेयोवच्या पाठीशी व्यवस्था होती, पण ती माघारी कधी फिरेल याचा भरवसा त्या काळात तिथे कुणालाच नव्हता. मला या दोन्हींच्या पलीकडचं काहीतरी हवंय. त्याचा पूर्ण आराखडा माझ्याकडे नाही. पक्षीदादांनी सांगितलेली मंडळं मात्र त्याच्या जवळ जातात असं वाटतं.

दोन_मुलींची_आई

गिरणगावदादा, एक विचारायचं होतं. अमर पद्धतीने आज कुठे खेळतात का? धाकटीला खूप उत्सुकता लागली आहे.

गिरणगाव_७९

स्पर्धेत नाही आता. पण आमच्या मैदानावर लहान मुलांना मी आधी अमरच शिकवतो. बाद झालेलं पोर बाहेर बसलं की त्याचं लक्ष उडतं, आत राहिलं की दुसऱ्या चढाईला चूक सुधारतं. गुण मी पाटीवर खडूने लिहितो, मोठ्या अक्षरात. पोरांना तो हवाच असतो. महिना झाला की संजीवनी.

मैदानाचा एक तुकडा वाहनतळात गेलाय, उरलेल्यासाठी आमचं अर्ज-विनंत्या करणं चालू आहे. त्याबद्दल वेगळा धागा काढीन.

ताई, धाकटीला घेऊन या. रविवारी सकाळी सात वाजता. थोरलीलाही आणा, आम्हाला एक गडी कमीच पडतो. बूट लागत नाहीत.